कार्बनची ती एक पातळी : विश्व कुणी जुळवलंय का?

पाटीखडू (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात बारावीला अणुकेंद्राचा धडा चालू होता. बंधन ऊर्जेचा आलेख फळ्यावर काढला, आणि ओघात तारे कार्बन कसा बनवतात ते सांगायला लागले. ते धड्यात नाही, पण ते सांगितल्याशिवाय मला हा धडा संपवता येत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ताऱ्याच्या पोटातला हायड्रोजन संपत आला की हेलियम उरतो. दोन हेलियम जुळले की बेरिलियम-८ होतं, पण ते टिकत नाही. एका सेकंदाला एकावर सोळा शून्यं एवढ्या संख्येने भागा, साधारण तेवढाच काळ ते जगतं. तेवढ्यात तिसरा हेलियम येऊन धडकला तर कार्बन. १९५३ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या लक्षात आलं की नुसत्या अशा योगायोगाच्या धडकांमधून विश्वात दिसतो तेवढा कार्बन होणार नाही. कार्बनच्या अणुकेंद्राला ७.६५ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) आसपास एक उत्तेजित पातळी (जादा ऊर्जा घेऊन अणुकेंद्र क्षणभर राहू शकतं अशी ठरावीक पायरी) असेल, तरच तिन्ही हेलियमचा मेळ बसेल. अमेरिकेत कॅलटेकमध्ये विली फाउलर यांच्या प्रयोगशाळेत जाऊन ते म्हणाले, शोधा. तिथल्या मंडळींनी शोधली आणि ती सापडली.

पुढची पायरी तर आणखी अंगावर येते. कार्बनला आणखी एक हेलियम मिळाला की ऑक्सिजन होतो. तिथे ऑक्सिजनची पातळी आहे ७.१२ वर आणि कार्बन-हेलियमच्या ऊर्जेची बेरीज होते ७.१६. ती पातळी जराशी वर असती तर जवळपास सगळा कार्बन ऑक्सिजन होऊन गेला असता. एक पातळी नेमकी हवी तिथे, दुसरी नेमकी नको तिथून जरा खाली. आपल्या हाडामांसातला कार्बन या दोन आकड्यांच्या मधून निसटून आलाय.

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सहसा बोलत नाही ती. म्हणाली, "मॅडम, मग ती पातळी तिथे ठेवली कुणी?"

तास संपायला चार मिनिटं होती. मी म्हणाले, "हा आपल्या अभ्यासक्रमाचा भाग नाही." ती खाली बसली. माझं ते वाक्य मला आठवडाभर टोचतंय.

मी स्वतः देव मानते. देवापुढे रोज दिवा लावते. या पातळीपाशी आले की मलाही दर वर्षी वाटतं, कुणीतरी असणार. पण ते वाटणं पुरावा म्हणून वर्गात ठेवता येईल का? खुद्द हॉइल धार्मिक नव्हते, तरी १९८१ च्या सुमारास त्यांनी लिहिलं की एखाद्या महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हात घातलाय असाच याचा सरळ अर्थ लागतो. हे हॉइल म्हणजे आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. म्हणजे प्रश्न काही अडाणी नाही. त्या मुलीला मी प्रामाणिक उत्तर काय देऊ, एवढंच विचारायला आलेय.

गोदातीर (रविवार, रात्री ९:५२)

ताई, उत्तर तुम्हीच दिलंय. एवढं नेमकं आपोआप होत नाही. रानात घड्याळ सापडलं तर ते दगडासारखं तिथेच उगवलं असं कुणी म्हणेल का? कर्ता आहे. मुलीला बिनधास्त सांगा.

राइनकाठ (सोमवार, पहाटे २:३०)

पाटीखडू ताई, धागा वाचून झोप उडाली. मी जर्मनीत बॉनला खगोलभौतिकीत काम करतो, त्यामुळे या पातळीबद्दल थोडं अधिकाराने लिहितो.

आधी इतिहास. १९५३ मध्ये हॉइल यांच्या डोक्यात जीवसृष्टी नव्हती. ताऱ्यांमध्ये कोणती मूलद्रव्यं किती बनतात याचा हिशेब जुळवताना ती पातळी निघाली. "आपण आहोत म्हणून ती पातळी असलीच पाहिजे" हा अर्थ तिच्यावर बऱ्याच वर्षांनी चढला.

आता 'नेमकी' म्हणजे किती नेमकी? १९८९ मध्ये मारिओ लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याच्या गणितात ही पातळी मुद्दाम सरकवून पाहिली. ०.०६ एमईव्हीने सरकवली तरी कार्बनच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. ०.२७७ ने वर नेली तेव्हा मात्र कार्बन जवळपास दिसेनासा झाला. म्हणजे सुईच्या टोकावर उभी असलेली गोष्ट नाही ही. उंबरठ्यावर बसलेली म्हणा हवं तर.

आणि ती 'ठेवलेली' नाही. २०११ मध्ये इथल्याच विद्यापीठातल्या एका गटाने सहकाऱ्यांसोबत, महासंगणकावर, प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या बलांपासून सुरुवात करून ही पातळी मोजून काढली. ती खालच्या आकड्यांमधून आपसूक बाहेर येते. पुढच्या कामात त्यांना दिसलं की क्वार्कचं (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या कणांचे बनतात त्यांचं) वस्तुमान दोन-तीन टक्के इकडेतिकडे झालं तरी कार्बन-ऑक्सिजनचं जमून जातं, त्याहून जास्त झालं तर अडचण.

म्हणून तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मिटत नाही, एक मजला खाली उतरतो. मग ते खालचे आकडे असेच का? न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा फक्त ०.१४ टक्क्याने जड आहे. हे उलटं असतं तर प्रोटॉनच फुटत राहिला असता, हायड्रोजन उरला नसता, पाणी नाही, सूर्य असा नाही. अवकाश स्वतःहून प्रसरण पावण्याचं जे बल आहे त्याची मोजलेली किंमत आणि सिद्धांताने येणारा अंदाज यांत एकावर सुमारे १२० शून्यं एवढ्या पटीची तफावत आहे. ती किंमत थोडी जास्त असती तरी दीर्घिका जमल्या नसत्या. हे मला रोज दिसतं आणि रोज अस्वस्थ करतं.

काळाकातळ (सोमवार, सकाळी ७:१५)

मी भूशास्त्रज्ञ. तीस वर्षं दख्खनच्या कातळावर फिरलोय. गोदातीर, तुमच्या घड्याळाला माझ्याकडे एक दगड आहे.

मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. साठेक मीटर उंच, काळ्या बेसाल्टचे उभे खांब, कडेला कडा लावून, कुणी ओळंबा धरून रचल्यासारखे. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक माणूस विचारतो, हे कुणी बांधलं? माझ्या लहानपणी आमच्या गावाजवळच्या अशाच कड्याबद्दल आजोबा सांगायचे की पांडवांनी एका रात्रीत रचला, कोंबडा आरवला म्हणून अर्धा राहिला. मी ते मनापासून मानत होतो.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, निवताना आकसला, आकसताना तडकला. तडे एकमेकांना मिळताना १२० अंशांच्या आसपासच्या कोनांत मिळाले तर कमीत कमी ऊर्जेत काम भागतं. म्हणून षटकोन. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळतो तेव्हा याचीच भावकी दिसते. कुणाचा हात लागत नाही.

निसर्गात 'रचना' दिसली की रचणारा दिसणं ही आपल्या मनाची जुनी सवय आहे. १८०२ मध्ये विल्यम पेली यांनी ते घड्याळ मांडलं, १८५९ मध्ये डार्विन यांनी दाखवलं की डोळ्यासारखा अवयवसुद्धा पिढ्यानपिढ्यांच्या छोट्या फरकांमधून घडतो. जिथे जिथे 'कुणीतरी केलं' म्हटलं गेलं तिथे शोध घेतल्यावर प्रक्रिया सापडली. मुलीला हे सांगा, म्हणजे ती शोधत राहील.

पंचावयव (सोमवार, सकाळी ११:४०)

सुंदर धागा. मी संस्कृत शिकवून निवृत्त झालो. एक गोष्ट मनाला लागते म्हणून लिहितो. आपण या वादात पेलींचं घड्याळ आणतो आणि आपल्याच घरातला घडा विसरतो.

दहाव्या शतकात मिथिलेत उदयनाचार्य होऊन गेले. ईश्वर सिद्ध करण्यासाठी त्यांनी एक अख्खा ग्रंथ रचला. न्यायशास्त्राची मांडणी अशी: पृथ्वी, अंकुर वगैरे कुणा कर्त्याने केलेले आहेत, कारण ती कार्यं आहेत, जे जे कार्य ते ते कर्त्याचं, जसा घडा. कुंभार दिसला नाही तरी घडा पाहून कुंभार कळतो.

आणि याला उत्तर उदयनांच्या आधीच, सातव्या शतकात, बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी देऊन ठेवलं होतं. ते म्हणाले, मातीचा आकार पाहून कुंभार मानायचा असेल तर वारुळालाही कुंभार मानावा लागेल! वारूळसुद्धा मातीचंच, त्यालाही आकार आहे. घडा पाहून कुंभार आठवतो, कारण कुंभाराला घडा करताना आपण पाहिलंय. विश्व होताना कुणी पाहिलं? काळाकातळ यांचे षटकोनी खांब म्हणजे धर्मकीर्तींचं वारूळच.

शिवाय विरोधकांनी आणखी एक बोट ठेवलं. आपण पाहिलेल्या प्रत्येक कर्त्याला शरीर असतं. मग ईश्वरालाही शरीर? त्या शरीराचा कर्ता कोण? नैयायिकांनी याला उत्तरं दिली, त्यावर प्रत्युत्तरं आली, चारपाचशे वर्षं हे चाललं. जैन आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, विचारलं की निर्मिण्याआधी तो कुठे उभा होता. आणि वेदाला प्रमाण मानणारे मीमांसकही सृष्टिकर्ता मानत नव्हते. देव न मानता धर्म मानणारे, देव मानून निर्मिती न मानणारे, सगळे एकाच पंक्तीला होते.

गोदातीर, तुमचा युक्तिवाद मी कमी लेखत नाही. तो उदयनांचा आहे, फार मोठ्या माणसाचा. पण उदयनांचा ईश्वरसुद्धा परमाणू निर्माण करत नाही, हे ध्यानात घ्या. परमाणू नित्य. ईश्वर त्यांची जुळणी करतो, कुंभार मातीची करतो तशी.

पाटीखडू (सोमवार, रात्री १०:०५)

पंचावयव सर, तुमचं शेवटचं वाक्य दुपारभर डोक्यात फिरत होतं. एसटीत बसून विचार करताना एक गोष्ट सुटी झाली, ती मांडते. चुकत असेन तर सांगा.

वारूळ आणि बेसाल्टचे खांब घड्याच्या प्रश्नाला उत्तर देतात. आकार कुठून आला? निवण्यातून, तडकण्यातून, मुंग्या-वाळवीच्या कामातून. पटलं. डार्विन यांचं उत्तरही याच जातीचं. पण हॉइल यांची पातळी आणि राइनकाठ यांचे ते खालचे आकडे यांचा प्रश्न घड्याचा नाहीच. तो मातीच्या चिकटपणाचा आहे. कुंभार असो वा वाळवी, माती मुळात आकार धरू शकते म्हणून घडाही होतो आणि वारूळही. तो चिकटपणा कुठून आला?

म्हणजे जुन्या उत्तराने नवा प्रश्न मिटत नाही. आणि गोदातीर, जुन्या युक्तिवादाने नव्या प्रश्नाचं उत्तरही मिळत नाही, कारण मातीला चिकटपणा देणारा कुंभार आपण कुणीच पाहिलेला नाही.

काळाकातळ (मंगळवार, सकाळी ६:५०)

ताई, मातीचा चिकटपणा मी सांगू शकतो, माझं कामच ते आहे. बेसाल्ट कुजून आपली काळी माती होते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. सिलिकॉन-ऑक्सिजनचे पापुद्रे एकावर एक, मधे पाणी शिरतं, माती फुगते, चिकटते, वाळली की भेगाळते. पापुद्रे तसे का? ऑक्सिजन आणि सिलिकॉनच्या इलेक्ट्रॉनांमुळे. ऑक्सिजन कुठून? ताऱ्यातून. तिथे पुन्हा तुमची ती ७.१२ ची पातळी.

लिहिता लिहिता कळलं की मी गोल फिरून तुमच्याच दारात आलो. तिथून खाली माझ्याकडे प्रक्रिया नाही. कालची माझी प्रतिक्रिया 'शोध घेतल्यावर प्रक्रिया सापडली' इथपर्यंत बरोबर होती. 'नेहमीच सापडेल' हा माझा विश्वास आहे, आणि तो विश्वास म्हणूनच सांगायला हवा.

आबोली (मंगळवार, दुपारी ३:२०)

एवढ्या विद्वान मंडळींत लिहावं की नाही कळत नव्हतं. मी गडचिरोली जिल्ह्यात परिचारिका आहे. विश्वाची रचना मला ताऱ्यात दिसत नाही, रक्ताच्या थेंबात दिसते.

आमच्याकडे सिकलसेल आहे, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बस, एवढाच बदल. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. सहा-सात वर्षांचं पोर सांधे धरून रात्रभर ओरडतं. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता.

हा दोष टिकून का राहिला? कारण एकाच बाजूने हा गुण मिळालेल्या वाहकाला मलेरियाचा गंभीर झटका सहसा येत नाही. जंगलात मलेरिया होता, वाहक जगले, गुण पसरला. निसर्गाच्या हिशेबाने हे अचूक आहे. तीन वाचतात, चौथं कळवळतं. कुणी हाताने असं जुळवलं असेल तर मला त्याला काही विचारायचंय.

मी वारकरी घरातली. माळ आहे गळ्यात. पण विठ्ठलाला मी कधीच विश्वाचा कारागीर म्हणून हात जोडले नाहीत. तो विटेवर उभा आहे, एवढंच मला पुरतं. रात्रीच्या पाळीला ते पोर ओरडत असतं तेव्हा विठ्ठलाला हे कुणी रचलं असं विचारण्यापेक्षा, तो माझ्याबरोबर तिथे उभा आहे असं मला वाटतं. हे दोन देव वेगळे आहेत का, ते मला सांगा.

गोदातीर (मंगळवार, सायंकाळी ६:४०)

आबोलीताई, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडे म्हणतात की ज्याचं त्याचं पूर्वकर्म. मी आजवर तसंच मानत आलो.

पंचावयव (मंगळवार, रात्री ८:१०)

ते उत्तर ब्रह्मसूत्रांतही, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथातही, आहे. सृष्टीत विषमता आणि क्रौर्य दिसतं म्हणून ईश्वरावर दोष येत नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेने देतो, असं सूत्र आहे.

आबोली (मंगळवार, रात्री ९:००)

असेल सर. पण पोराच्या उशाशी बसलेल्या आईला मी ते सांगू शकत नाही. जे तिला सांगता येत नाही ते मी मानूही शकत नाही.

पंचावयव (मंगळवार, रात्री ९:३५)

ताई, तुमच्यापुढे माझं सूत्र तोकडं पडलं, हे मान्य करतो. तुमच्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे, आणि ते मराठीतच आहे.

शंकराचार्य एके ठिकाणी सांख्यांना (जग अचेतन प्रकृतीतूनच झालं असं मानणाऱ्यांना) म्हणतात की अचेतन प्रकृती एवढी रचना करूच शकत नाही, घर-वाडे काही शहाण्या माणसाशिवाय उभे राहत नाहीत. हा तुमचा-आमचा रचनेचाच युक्तिवाद. पण त्याच अध्यायात पुढे, ईश्वर जगाबाहेर उभा राहून कुंभारासारखं जग घडवतो हे मतही ते खोडून काढतात. आणि ज्ञानदेव अमृतानुभवात पोचेपर्यंत कुंभार पार मागे पडलेला असतो. तिथे जग म्हणजे घडवलेली वस्तू नाही, चैतन्याचा विलास आहे. लाट ही पाण्याने 'तयार केलेली' वस्तू नसते, तसं.

तेव्हा हो, दोन देव वेगळे आहेत. कारागिराचा शोध घेणारा युक्तिवाद उद्या पूर्ण सिद्ध झाला तरी हाती एक अतिशय हुशार कारागीर येईल. तुमच्या रात्रपाळीला येणारा तो नव्हे. आणि तो युक्तिवाद पडला तरी तुमच्या विठ्ठलाचं काही जात नाही.

मध्यमवाट (मंगळवार, रात्री ११:२०)

आबोलीताईंचा प्रतिसाद तीनदा वाचला. आमच्या घरी बाबासाहेबांमुळे हा प्रश्न वेगळ्या वळणाने आला. बुद्धाने जगाच्या आरंभाचा आणि निर्मात्याचा प्रश्न धम्माचा पाया केला नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येतं, इथून त्याने सुरुवात केली. त्या मुलाचं रक्त तपासणं, लग्नाआधी दोघांची तपासणी करायला सांगणं, हे तिथूनच येतं. मला ते पुरतं.

काळीआई (बुधवार, सकाळी ५:५५)

राम राम. शेतावर निघण्याआधी लिहितोय. सगळे कुंभार, घडा, घड्याळ बोलताय, पण महात्मा फुल्यांचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून राहवलं नाही.

माझे पणजोबा सत्यशोधक होते. फुल्यांनी देवाला शब्द वापरला 'निर्मिक'. मूर्ती नको, दलाल नको, पण निर्मिक हवा. त्यांच्या पश्चात १८९१ साली जे पुस्तक छापलं गेलं त्याचा सगळा पायाच तो. ज्याने सूर्य, पाणी, जमीन निर्माण केली त्याने ती सगळ्यांसाठी केली. स्त्री-पुरुष सगळे त्याने स्वतंत्र आणि सारख्या हक्काचे केले. मग हा वरचा आणि तो खालचा हे ठरवणारे तुम्ही कोण? माणसाच्या हक्कांवर लिहिणारा टॉमस पेन वाचून त्यांच्या विचाराला धार आली होती, पण हा सवाल पुण्यातल्या पाणवठ्यावरचा होता.

तुम्ही विचारताय की रचनेवरून निर्मिक सिद्ध होतो का. मला वाटतं फुल्यांना सिद्ध करण्यात रस नव्हता. निर्मिक मानला तर माणसाशी कसं वागावं लागेल, हे त्यांनी दाखवलं. आमच्या घरात लग्नं अजून भटजीशिवाय होतात. त्या मुलीला हेही सांगा बाई. प्रश्न जुना आहे आणि आपल्या मातीत त्याचा उपयोग माणूस उभा करायला झालाय.

पाटीखडू (बुधवार, सकाळी ७:३०)

काळीआई दादा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

राइनकाठ (बुधवार, रात्री १२:४०)

काळाकातळ यांनी आपला विश्वास हा विश्वास आहे हे कबूल केलं. मीही आमच्या क्षेत्राबद्दल तसंच बोलतो.

'आकडे असेच का' याला आमच्याकडचं सध्याचं लोकप्रिय उत्तर म्हणजे अनेक विश्वं. स्ट्रिंग सिद्धांतात (मूलकण म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंची कंपनं असं मानणाऱ्या) एकावर पाचशे शून्यं इतक्या प्रकारची विश्वं शक्य दिसतात. तेवढी असतील तर एखाद्यात आकडे जुळणारच, आणि आपण तिथेच असणार, कारण दुसरीकडे विचारायला कुणी नाही. हा पोकळ विचार नाही. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये याच वाटेने सांगितलं की अवकाश प्रसरणाचा तो आकडा अमुक मर्यादेच्या आत असावा आणि बहुधा शून्य नसावा. १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून तो शून्य नसल्याचं दिसलं, आणि मर्यादेतही बसला. पण ती दुसरी विश्वं आजवर कुणी पाहिलेली नाहीत. न दिसणाऱ्या अगणित विश्वांना मानायचं की न दिसणाऱ्या एका कर्त्याला, हे आज उपकरणाने ठरत नाही.

आणखी एक जण मला या संदर्भात नेहमी आठवतो. जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू, आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारे. पुढे विश्वाला आरंभ होता ही कल्पनाही त्यांचीच. १९५१ मध्ये पोपनी भाषणात सांगितलं की विज्ञानाने आता निर्मितीलाच दुजोरा दिला. तेव्हा सगळ्यात अस्वस्थ झाले ते लमेत्र. त्यांचं म्हणणं, माझा सिद्धांत या प्रश्नाच्या बाहेर आहे, त्याला त्यात ओढू नका. श्रद्धावान धर्मगुरू आपल्या समीकरणातून देव बाहेर ठेवायला सांगतो, आणि धार्मिक नसलेले हॉइल आपल्या आकड्यात महाबुद्धी पाहतात. दोघांनीही आपापल्या प्रश्नाशी प्रामाणिक राहून हे केलं. तुमच्या विद्यार्थिनीला दोघांची नावं सांगा.

गोदातीर (गुरुवार, सकाळी ८:१५)

मी अजूनही म्हणतो की कर्ता आहे. पण घड्याळाचा दाखला मागे घेतो. माझा विश्वास घड्याळावर उभा नव्हता, हे या चर्चेत कळलं. आईने लहानपणी हात धरून गंगेवर नेलं, तिथून तो आलाय. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा शेवट आज पुन्हा वाचला. हे सगळं ज्याच्यापासून झालं, त्याने ते धारण केलंय की नाही, हे परम आकाशातला तो अध्यक्षच जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नाही. ज्यांनी हे म्हटलं त्यांना शंका घ्यायची भीती वाटली नाही. मग मीही घाबरत नाही.

पाटीखडू (शुक्रवार, रात्री ९:४५)

मंडळी, आज तास घेतला. मुद्दाम शेवटचा, म्हणजे घंटेची घाई नको.

माठाची एक खापरी, शेताच्या बांधावरून आणलेलं वारुळाचं ढेकूळ आणि गिल्बर्ट हिलचा छापलेला फोटो टेबलावर ठेवला. विचारलं, यातलं कुणी केलंय आणि कसं कळलं? वीस मिनिटं वर्ग भांडत होता. एकाने वाळवीलाच कुंभार ठरवलं, त्यावर मागून दुसरा म्हणाला, मग वाळवीला कुणी शिकवलं. धर्मकीर्ती, उदयन यांची नावं फळ्यावर लिहिली. हॉइल, लमेत्र लिहिले. फुले लिहिले. सिकलसेलचंही सांगितलं, तेव्हा वर्ग अगदी शांत झाला.

मग त्या मुलीकडे वळून सांगितलं, "त्या दिवशी मी तुला चुकीचं उत्तर दिलं. तुझा प्रश्न बरोबर होता. पातळी कुणी ठेवली हे विज्ञान आज सांगू शकत नाही. ती कशातून आली तिथपर्यंत नेऊ शकतं. त्यापुढे माणसं वेगवेगळ्या वाटांनी गेली. मी देव मानते, पण या पातळीवरून तो सिद्ध होतो असं मी तुला सांगणार नाही." गळा जरा दाटून आला होता, ते मुलांना दिसलं असणार.

ती थोडा वेळ फळ्याकडे बघत होती. मला वाटलं देवाबद्दल काही विचारेल. तिने विचारलं, "मॅडम, ०.०६ सरकवलं तर चालतं आणि ०.२७७ ला चालत नाही, तर मधे नेमकं काय बिघडतं?" मला सांगता आलं नाही. सोमवारपर्यंत मुदत मागितलीय. राइनकाठ, वाचवा.

राइनकाठ (शनिवार, पहाटे १:२०)

ताई, हा प्रश्न ऐकून मला माझे पहिले दिवस आठवले. तिला स्वतःला करता येईल असा हिशेब देतो. किरणोत्सर्गाच्या धड्यातला तोच e (सुमारे २.७१८ ही संख्या) लागेल, बाकी काही नाही.

तीन हेलियमच्या एकत्र ऊर्जेपेक्षा ती पातळी ०.३८ एमईव्ही वर आहे. प्रक्रियेचा वेग मुख्यतः e चा उणे (०.३८ भागिले केटी) घात यावर ठरतो. केटी म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान. १० कोटी केल्विनला केटी साधारण ०.००८६ एमईव्ही. म्हणजे भागाकार सुमारे ४४. आता पातळी ०.०६ ने वर न्या. वेग e च्या उणे ७ व्या घाताने घटतो, म्हणजे सुमारे हजारावा भाग उरतो. एवढं घटूनही कार्बन का होतो? कारण तारा गप्प बसत नाही. ऊर्जा कमी पडली की तो आकसतो, पोट तापतं आणि भागाकार पुन्हा ४४ च्या आसपास येतो. ०.४४ भागिले ४४ म्हणजे केटी ०.०१०, म्हणजे तापमान साधारण साडेअकरा-पावणेबारा कोटी. तेवढं ताऱ्याला झेपतं. (घाताबाहेरचे बारीक घटक मी सोडलेत, ते तिला सांगा.)

०.२७७ साठीही असंच तापमान काढायला सांगा. ते आलं की एक गोष्ट विचारा: एवढ्या उष्णतेत नुकता तयार झालेला कार्बन आणखी एक हेलियम गिळायला किती उतावीळ होईल? बिघडतं ते तिथे. तापमानाचा आकडा मी लिहीत नाही, तो तिचा तिला काढू दे. आला की इथे टाका.